डोळा, मणका आणि उचकी

कोल्हापुरात दसरा चौकापासून राजारामपुरीच्या गल्ल्यांपर्यंत दवाखान्यांच्या पाट्या वाचत गेले, तर आधुनिक वैद्यकाने माणसाचे शरीर किती खात्यांत वाटून घेतले आहे ते सहज कळून येते : एका पाटीवर डोळे, दुसरीवर हाडे आणि मणका, तिसरीवर पोटविकार आणि एंडोस्कोपी, पुढे मूत्रविकार, त्वचाविकार, स्त्रीरोग. ही वाटणी बहुतेक आजारांच्या बाबतीत सोयीची ठरते, कारण बहुतेक आजार आपापल्या अवयवाशी प्रामाणिक असतात. मात्र एक आजार असा आहे की जो एका वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, दुसऱ्या वर्षी मणक्याच्या डॉक्टरकडे आणि मधल्या एखाद्या महिन्यात पोटाच्या डॉक्टरकडे घेऊन जातो, आणि ज्याचे खरे ठिकाण या तिन्ही पाट्यांवर नसून मेंदूविकारतज्ज्ञाच्या म्हणजे न्यूरॉलॉजिस्टच्या खोलीत असते. त्याचे नाव न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘एनएमओ’ असतो, आणि त्याची अनेक रूपे ध्यानात घेऊन आता त्याला ‘एनएमओ स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ असे व्यापक नाव दिले जाते.

‘न दिसणारे आजार’ हे सूत्र घेऊन या आजाराकडे पाहिले, तर पहिला प्रश्न असा पडतो की कोल्हापूर जिल्ह्यात त्याचे रुग्ण असतील तरी किती. या प्रश्नाला जवळचे म्हणावे असे उत्तर मंगळूरहून मिळते. तेथे डॉ. लेखा पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील अशा रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली असून, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे एनएमओचे प्रमाण २.६ इतके आढळले. एका शहराचे प्रमाण दुसऱ्या जिल्ह्याला जसेच्या तसे लावणे धाडसाचे आहे. तरीही केवळ अंदाजापुरते ते लावले आणि २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्याची ३८ लाख ७६ हजार ही लोकसंख्या धरली, तर करवीरपासून चंदगडपर्यंतच्या बारा तालुक्यांत मिळून शंभराच्या आसपास माणसे या आजाराची असावीत असे दिसते. शंभर ही संख्या साथीच्या तापाच्या हिशेबात काहीच नव्हे. पण या आजारात स्त्रियांचे प्रमाण फार मोठे असते, तो साधारणपणे तिशी-चाळिशीत, म्हणजे संसाराचा भार अंगावर असण्याच्या वयात गाठतो, आणि वेळीच न ओळखला गेल्यास दृष्टी आणि पाय दोन्ही घेऊन जातो. शिवाय त्याला आवर घालणारी औषधे आज उपलब्ध आहेत, त्यामुळे त्याला निव्वळ दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही.

पाण्याची दारे

शरीराची प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंवर धावून जाण्याऐवजी स्वतःच्याच पेशींवर उलटते, तेव्हा होणाऱ्या आजारांना स्वयंप्रतिकार आजार म्हणतात; संधिवाताचा एक प्रकार, थायरॉइडचे काही विकार आणि ल्युपस हे त्याच कुळातले. एनएमओमध्ये हा उलटलेला हल्ला कोणावर होतो हे समजण्यासाठी मेंदूतील एका पेशीची ओळख करून घ्यावी लागते. मेंदू, मेरुरज्जू आणि दृष्टितंत्रिका यांत संदेश वाहून नेणाऱ्या चेतापेशींच्या भोवती ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी असतात. त्यांना ॲस्ट्रोसाइट म्हणतात, आणि त्यांची टोके रक्तवाहिन्यांना सर्व बाजूंनी चिकटलेली असतात. या टोकांवर ‘ॲक्वापोरिन-४’ नावाचे प्रथिन दाट पसरलेले असते आणि त्यातून पाण्याचे रेणू आत-बाहेर करतात. उसाच्या फडात पाटाचे दार उघडून एकेका सरीला बारे द्यावे, तसे मेंदूच्या उतीतील पाण्याचे नियमन हे प्रथिन करते. पेशीच्या आवरणात पाण्यासाठी अशी स्वतंत्र वाट असते हे दाखवून दिल्याबद्दल अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर ॲग्र यांना २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

एनएमओच्या बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात नेमक्या याच ॲक्वापोरिन-४ विरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, सापडतात. प्रतिकारशक्तीतील बी-पेशींच्या वंशातील पेशींनी तयार केलेली ही प्रतिपिंडे रक्तातून मेंदूच्या उतीत शिरतात, ॲस्ट्रोसाइटच्या टोकांना चिकटतात आणि त्या जागी ‘कॉम्प्लिमेंट’ या नावाने ओळखला जाणारा प्रथिनांचा संच जागा करतात. हा संच एरवी जंतूंच्या आवरणाला छिद्रे पाडतो. येथे तो आपल्याच पेशीला छिद्रे पाडतो. पाठोपाठ रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज वाढते, ॲस्ट्रोसाइट मरतात आणि त्यांच्या आधारावर जगणारी चेतातंतूंची आवरणे व अखेरीस खुद्द चेतातंतू नष्ट होतात. हेच प्रथिन मूत्रपिंडात, जठरात आणि स्नायूंतही असते, तरी तेथे सहसा इजा होत नाही. त्या पेशींवर कॉम्प्लिमेंटला रोखणारी रक्षक प्रथिने असतात, हे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. उलट दृष्टितंत्रिका, मेरुरज्जूचा मधला करडा भाग आणि मेंदूच्या खालच्या टोकाचा उलटी-उचकीचे नियंत्रण करणारा छोटासा प्रदेश या जागी ॲक्वापोरिन-४ भरपूर असल्यामुळे हल्ले तेथेच पुन्हापुन्हा होतात.

तीन दारे

डोळ्यापासून सुरुवात झाली, तर पहिले लक्षण बहुधा दुखणे हे असते. बुबुळ फिरवले की डोळ्याच्या मागच्या बाजूस कळ येते, आणि दोन-चार दिवसांत त्या डोळ्यासमोर धूर दाटल्यासारखे होते. हुपरीत चांदीच्या पैंजणांचे बारीक काम करणाऱ्या किंवा इचलकरंजीत यंत्रमागासाठी कांड्या भरणाऱ्या स्त्रीला हा फरक लगेच जाणवतो, पण त्याचा अर्थ ‘नंबर वाढला’ असा लावला जातो आणि पहिली फेरी चष्म्याच्या दुकानात होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यावरही चकवा बसू शकतो, कारण सूज डोळ्याच्या मागे, कवटीच्या आतल्या बाजूस असेल, तर पडदा तपासताना सारे ठाकठीक दिसते. ‘रुग्णालाही दिसत नाही आणि डॉक्टरलाही दिसत नाही’ असे या अवस्थेचे वर्णन वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ऐकवले जाते. अशा वेळी उपयोगी पडतात त्या दोन अगदी साध्या तपासण्या, ज्यांना कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. औषधाच्या बाटलीचे लाल झाकण आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्यासमोर धरले, तर आजारी डोळ्याला ते फिके, विटकरी किंवा करडे दिसते. दुसरी तपासणी अंधाऱ्या खोलीत टॉर्चने होते : निरोगी डोळ्यावरचा झोत चटकन आजारी डोळ्यावर नेला, की त्याची बाहुली आकसण्याऐवजी रुंदावते, कारण प्रकाश पोचल्याची वर्दी मेंदूकडे पुरेशी जातच नाही. मिनिटभराच्या या तपासणीने दोष भिंगात नसून तंत्रिकेत आहे हे कळते. अनेक आजारांत दृष्टितंत्रिकेला सूज येते; पण दोन्ही डोळे एकदम किंवा लागोपाठ गेले, दृष्टी फारच खालावली किंवा स्टिरॉइड देऊनही पुरती परतली नाही, तर एनएमओचा विचार टाळता येत नाही.

दुसरे दार मणक्याचे आहे. पायांच्या बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा वर चढत जातो, छातीला किंवा कमरेला पट्टा आवळल्यासारखे वाटते, पाय जड होतात, आणि लघवी एक तर तुंबते किंवा कळायच्या आत होऊन जाते. काही तासांत किंवा दिवसांत रुग्ण अंथरुणाला खिळतो. गावाकडे याला ‘वारं गेलं’ म्हणतात आणि वाऱ्यावरचे जे इलाज माहीत असतात त्यांत पहिला आठवडा जातो. शहरात आल्यावर ‘मणक्यात गॅप आलाय’ किंवा ‘शीर दबलीय’ या निदानाची मोहिनी मोठी असते, आणि तिच्यापायी एक विशिष्ट चूक पुन्हापुन्हा होण्याचा संभव असतो : पाय गेले म्हणून कमरेचा एमआरआय काढला जातो. मेरुरज्जू कमरेच्या वरच्या टोकाशीच संपतो. एनएमओची सूज बहुधा मानेच्या किंवा पाठीच्या भागात असते, आणि केवळ कमरेच्या चित्रात ती येतच नाही. त्या चित्रात चाळिशीच्या कोणाही माणसात सापडेल अशी थोडी सरकलेली चकती मात्र दिसते, आणि दोष तिच्या माथी मारला जातो. शेतात वाकून भांगलण करणाऱ्या, डोक्यावरून वैरणीचे भारे वाहणाऱ्या बाईच्या बाबतीत हा निष्कर्ष पटण्यासारखाही असतो; म्हणूनच तो घातक ठरतो.

मेरुरज्जूवरचा हल्ला ओसरू लागल्यावर काही रुग्णांत आणखी एक चमत्कारिक प्रकार दिसतो. एका बाजूचा हात किंवा पाय अचानक वेदनेने वाकडा होऊन ताठतो, आणि मिनिटाच्या आत सैल पडतो. दिवसातून हे अनेकदा घडते. घरच्यांना ती फिट वाटते, कोणाला बाहेरची बाधा वाटते. पण शुद्ध हरपत नाही, आणि मिरगीसाठी वापरल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनसारख्या जुन्या, स्वस्त गोळीच्या लहान मात्रेनेही हे झटके पुष्कळदा थांबतात.

तिसरे दार सर्वांत फसवे. कोणीतरी आठवण काढल्याची खूण म्हणून जिची थट्टा होते, ती उचकी या आजारात दोन-दोन दिवस, कधी आठवडेच्या आठवडे थांबत नाही, किंवा पोटात काही ठरू न देणारी उलटी सुरू होते. याचे मूळ पोटात नसून मेंदूच्या खालच्या टोकाशी असलेल्या ‘एरिया पोस्ट्रेमा’ या भागात असते, जेथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा मुळातच विरळ असतो आणि प्रतिपिंडांना आत शिरणे सोपे जाते. रुग्ण अर्थातच पोटाच्या डॉक्टरकडे जातो, एंडोस्कोपी होते, अहवाल निर्दोष येतो, पित्ताच्या गोळ्या मिळतात, आणि पुढे उचकी आपोआप थांबते. ती थांबली की ती आठवणीतूनही जाते. त्यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पाय जड होतात तेव्हा उचकीचा उल्लेख रुग्ण करत नाही आणि डॉक्टरही विचारत नाही. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर अशी उलटी डोहाळ्यांतच जमा होते. २०१५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने निदानाचे जे निकष ठरवले, त्यांतील सहा मुख्य लक्षणसमूहांत डोळा आणि मेरुरज्जू यांच्या जोडीला या न थांबणाऱ्या उचकी-उलटीला स्वतंत्र स्थान आहे.

लियोंपासून मंगळूरपर्यंत

राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानचा कारभार हाती घेतला त्याच १८९४ साली, फ्रान्समधील लियों शहरात यूजेन देविक या वैद्याने डोळे आणि मेरुरज्जू एकाच वेळी निकामी झालेल्या एका स्त्रीची हकिगत मांडली, आणि त्याचा शिष्य फेर्नां गो याने तशाच जुन्या नोंदी गोळा करून त्यावर प्रबंध लिहिला. पुढे शंभर वर्षे हा ‘देविकचा आजार’ म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचीच एक उग्र तऱ्हा आहे असा समज चालत राहिला. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हाही मेंदू व मेरुरज्जूचा स्वयंप्रतिकार आजार. त्यात हल्ल्याचे लक्ष्य प्रामुख्याने चेतातंतूंचे आवरण असते. युरोप-अमेरिकेत एमएस पुष्कळ आणि एनएमओ अगदी थोडा, तर आशियात एनएमओचे तुलनात्मक प्रमाण अधिक. त्यामुळे जपानमध्ये आणि भारतात ‘डोळे व मेरुरज्जू धरणारा आशियाई एमएस’ असा वेगळा कप्पाच करावा लागला होता. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमध्ये डॉ. बी. एस. सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनएमओच्या रुग्णांची लक्षणे व एमआरआय यांचा अभ्यास २०१४ साली मांडला, तो याच कप्प्याची फेरतपासणी करणाऱ्या काळातला.

कोडे सुटले ते रक्ताच्या नळीत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये वांडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एनएमओच्या रुग्णांत आढळणारे आणि एमएसमध्ये न आढळणारे प्रतिपिंड दाखवून दिले, आणि पुढच्याच वर्षी त्याचे लक्ष्य ॲक्वापोरिन-४ असल्याचे सिद्ध झाले. हा भेद केवळ पंडिती नाही. एमएसवर दिली जाणारी बीटा-इंटरफेरॉन, नॅटलिझुमॅब, फिंगोलिमोड ही औषधे एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार बळावू शकतो. आजही एखाद्याच्या जुन्या फायलीवर ‘एमएस’ लिहिलेले असेल आणि डोळे व पाय यांचे मोठे हल्ले झालेले असतील, तर रक्ताची ही चाचणी झाली आहे का, हे विचारून घेणे हिताचे आहे.

फिल्म आणि नळी

निदान दोन वस्तूंवर उभे असते. पहिली एमआरआयची फिल्म. रुग्णाचे नातेवाईक ती साडीच्या दुकानाच्या जुन्या पिशवीत गुंडाळून आणतात, आणि डॉक्टर ती उजेडावर धरून पाहतात तेव्हा पाठीच्या कण्यातून खाली उतरणाऱ्या करड्या पट्ट्यात एक लांबलचक पांढरी रेघ उमटलेली असते. मणक्याच्या एका सांध्यापुरता ठिपका असेल, तर संशय एमएसकडे जातो. तीन किंवा अधिक मणक्यांच्या लांबीची आणि रज्जूच्या मध्यभागातून जाणारी रेघ असेल, तर एनएमओकडे.

दुसरी वस्तू रक्ताचा नमुना. उत्तम मानली जाणारी चाचणी ‘सेल-बेस्ड ॲसे’ या नावाने ओळखली जाते : काचपट्टीवर वाढवलेल्या मानवी पेशींना ॲक्वापोरिन-४ तयार करायला लावलेले असते, त्यांच्यावर रुग्णाच्या रक्तातील द्रव टाकला जातो, आणि चिकटलेली प्रतिपिंडे चमकणाऱ्या रंगाच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जातात. ही चाचणी सकारात्मक आली तर ती चुकीची असण्याची शक्यता फार थोडी असते. नकारात्मक आली तर मात्र आजार नाहीच असे म्हणता येत नाही, कारण सुमारे चौथाई रुग्णांत ही प्रतिपिंडे मिळत नाहीत. त्यांतील काहींमध्ये ‘मॉग’ या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे निघतात. तो आजार आता वेगळा गणला जातो, लहान मुलांत अधिक दिसतो आणि स्टिरॉइडला सहसा चांगला प्रतिसाद देतो. त्याचे स्वतंत्र निकष २०२३ साली ठरले.

येथे एक गोष्ट तालुक्याच्या डॉक्टरांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्टिरॉइड किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार आधी झाला, तर रक्तातील प्रतिपिंडे कमी होऊन चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते. म्हणून उपचार न लांबवता, पण त्याची पहिली बाटली लावण्यापूर्वी, रक्ताची एक नळी काढून ठेवावी. अहवाल यायला दिवस लागतात, आणि उपचार त्याची वाट पाहत थांबवायचे नसतात.

पहिले वीस दिवस

हल्ला झाल्यावर शिरेतून रोज एक ग्रॅम मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड तीन ते पाच दिवस देतात. त्याने पुरेसा उतार पडला नाही, तर प्लाझ्मा बदलणे हा पुढचा आणि पुष्कळदा निर्णायक उपाय असतो. हल्ला जबर असेल तर अनेक तज्ज्ञ स्टिरॉइडच्या निकालाची वाट न पाहताच तो सुरू करतात. यात मानेतील किंवा जांघेतील मोठ्या शिरेत नळी घालून रक्त यंत्रातून फिरवले जाते, प्रतिपिंडे असलेला पिवळसर द्रव काढून टाकला जातो, आणि त्याच्या जागी अल्ब्युमिन किंवा रक्तपेढीतून आणलेला प्लाझ्मा भरला जातो. साधारणपणे एक दिवसाआड पाच ते सात वेळा हे करतात.

या उपचारात वेळेचे मोल किती, हे फ्रान्समधील एका अभ्यासात आकड्यांनी दिसले, जो २०१८ साली प्रसिद्ध झाला : हल्ल्याच्या दिवशीच प्लाझ्मा बदलला तर पूर्ववत होण्याची शक्यता पन्नास टक्के होती, विसाव्या दिवसानंतर ती एक ते पाच टक्क्यांवर आली. कोल्हापूरच्या रुग्णाचे वीस दिवस कसे खर्च होतात, ते वरच्या तीन दारांवरून उघड आहे. शाहूवाडीच्या किंवा आजऱ्याच्या एखाद्या वाडीतून निघालेला रुग्ण तालुक्याच्या दवाखान्यात, तेथून शहरात, कधी पन्नासएक किलोमीटरवरच्या मिरजेत, कधी बेळगावात आणि अखेर पुण्या-मुंबईत पोचतो; हे अंतर एसटीने एका दिवसात कापता येते, खरा वेळ जातो तो एका खात्यातून दुसऱ्या खात्याकडे चिठ्ठी जाण्यात. या प्रदेशात मोठ्या रुग्णालयांची उणीव नाही. डोळ्यांच्या डॉक्टरने ‘पायाला मुंग्या येतात का, उचकी लागली होती का’ आणि मणक्याच्या डॉक्टरने ‘मागे कधी डोळा अंधुक झाला होता का’ एवढे विचारले, तर त्या वीस दिवसांतले निम्मे वाचतील.

बरे वाटल्यानंतरचे औषध

एमएसमध्ये हल्ल्यांच्या मधल्या काळातही आजार पुष्कळदा आतल्या आत पुढे सरकत राहतो. एनएमओमध्ये तसे सहसा होत नाही. येथे जे अपंगत्व येते ते जवळजवळ सारे हल्ल्यांतूनच येते, आणि एकेका हल्ल्याची किंमत जबर असते. मेयो क्लिनिकने १९९९ साली ७१ रुग्णांची जी पाहणी मांडली, तीत पुन्हापुन्हा हल्ले होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना वर्षाच्या आत पुढचा हल्ला झाला होता आणि पाच वर्षांत नव्वद टक्क्यांना. त्या काळी प्रतिबंधाची औषधे आजच्यासारखी ठरलेली नव्हती. याचा सरळ अर्थ असा की पुढचा हल्ला टळला, तर पुढचे अपंगत्व टळते.

त्यासाठी गावखेड्यात सर्वाधिक परवडणारी गोळी म्हणजे ॲझाथायोप्रिन. ती जुनी आणि स्वस्त आहे, पण तिचा परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात, म्हणून तोवर स्टिरॉइडच्या गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. शिवाय भारतीयांपैकी काहींच्या जनुकीय ठेवणीमुळे तिने पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात आणि केस गळतात, म्हणून सुरुवातीस वरचेवर रक्त तपासावे लागते. मायकोफेनोलेट हा दुसरा पर्याय. तिसरे आणि अधिक प्रभावी औषध म्हणजे रिटुक्सिमॅब, जे मुळात लसिकापेशींच्या कर्करोगासाठी निघाले आणि जे बी-पेशींनाच रक्तातून हटवते. जपानमध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे औषध मिळालेल्या १९ रुग्णांपैकी एकालाही पुन्हा हल्ला झाला नाही, तर औषधाविना ठेवलेल्या १९ पैकी सात जणांना झाला. त्याची देशी बनावटीची आवृत्ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ सालीच बाजारात आणली, म्हणूनच ते आपल्याकडे मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याच्या काठावर तरी आले.

रिटुक्सिमॅबचा दिवस रुग्णाच्या घरी आधीपासून ठरलेला असतो. सकाळी लवकर डे-केअरमध्ये खाट मिळवायची, तापाची व ॲलर्जीची औषधे आधी घ्यायची, आणि मग थेंबाथेंबाने चार-सहा तास सलाईन चालते. परिचारिका दर थोड्या वेळाने रक्तदाब पाहते, कारण पहिल्या खेपेला थंडी भरणे, घसा खवखवणे, अंगावर पित्त उठणे असे त्रास होऊ शकतात. शेजारच्या खाटांवर पुष्कळदा कर्करोगाचे रुग्ण असतात, औषधाच्या वेष्टनावरही कर्करोगाचा उल्लेख असतो, आणि त्यातून गावात कुजबूज सुरू व्हायला वेळ लागत नाही; घरच्यांना हे आधीच समजावून सांगितलेले बरे. औषध सुरू करण्यापूर्वी क्षयरोग आणि हिपॅटायटिस-बी यांची तपासणी आपल्या देशात अनिवार्यच मानावी.

परदेशांत २०१९ नंतर एकुलिझुमॅब, इनेबिलिझुमॅब, सॅट्रॅलिझुमॅब आणि रॅव्ह्युलिझुमॅब अशी खास याच आजारासाठी मंजूर झालेली औषधे आली. कॉम्प्लिमेंटचा हल्लाच रोखणाऱ्या एकुलिझुमॅबच्या चाचणीत हल्ल्याचे प्रमाण ४३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. मात्र त्याची किंमत सामान्य भारतीय कुटुंबाच्या विचारकक्षेबाहेरची आहे, आणि कोल्हापुरातील लढाई अजून पुढची अनेक वर्षे ॲझाथायोप्रिन आणि रिटुक्सिमॅब यांच्याच जोरावर लढली जाईल. खरा धोका महाग औषध न मिळण्यात नसून स्वस्त औषध सुटण्यात आहे. स्टिरॉइडने चेहरा सुजतो, साखर वाढते, पित्त होते. पाय चालू लागलेले असतात. गळिताचा हंगाम सुरू झालेला असतो. ‘आता बरं वाटतंय, कशाला गोळ्या?’ हा प्रश्न घरात कोणी तरी विचारतेच.

माहेरी गेलेली फाइल

स्त्रियांचा आजार म्हटल्यावर बाळंतपणाचा विचार आलाच. या आजारात मूल होऊ देऊ नये असा सल्ला सरसकट देणे चुकीचे आहे. परंतु नियोजन लागते. मायकोफेनोलेट गर्भाला घातक असल्याने ते आधीच बंद करावे लागते, ॲझाथायोप्रिन बहुधा चालू ठेवता येते. सर्वांत नाजूक काळ प्रसूतीनंतरचे पहिले तीन ते सहा महिने, ज्यात हल्ल्यांचे प्रमाण वाढते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. म्हणजे धोक्याचे नेमके तेच महिने ही मुलगी दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या डॉक्टरच्या हाताखाली असते, आणि तिची जाडजूड फाइल सासरच्या कपाटात. बाळंतिणीला पायांत मुंग्या येतात म्हटल्यावर ‘अशक्तपणा आहे’, ‘कमरेतल्या इंजेक्शनचा परिणाम असेल’ ही दोन उत्तरे घरात तयारच असतात. काही विवाहितांच्या बाबतीत तर आजाराचे नाव माहेरच्यांनी सासरपासून किंवा सासरच्यांनी गावापासून लपवलेले असते, आणि लपवलेल्या आजाराचे औषध नियमाने घेणे कठीण असते.

दाखल्याचे गणित

सी.पी.आर. अर्थात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी येणाऱ्यांच्या रांगेत एनएमओचा रुग्ण उभा राहतो, तेव्हा त्याच्या आजाराला कायद्यात नाव नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत एमएस आणि पार्किन्सन यांचा नामोल्लेख आहे, एनएमओचा नाही. त्यामुळे दाखला मिळतो तो दृष्टी किती गेली आणि हातपाय किती गेले याच्या मोजमापावर. दृष्टीचे माप चांगल्या डोळ्यावरून घेतले जाते. एक डोळा पुरता गेला आणि दुसरा शाबूत असला, तर केवळ त्या आधारे चाळीस टक्क्यांचा उंबरठा ओलांडता येत नाही. दिवसातून चार वेळा नळी घालून लघवी काढावी लागणे, वैशाखाच्या उन्हात दृष्टी आणखी मंदावणे, पाठीत विजेचा झटका बसल्यासारखे होणे या गोष्टी पाहणाऱ्याला दिसत नाहीत. म्हणून अर्ज करताना नेत्रतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट दोघांचेही अहवाल एकत्र जोडावेत, आणि दृष्टी व हालचाल अशा दोन्ही बाजूंचे एकत्रित मूल्यमापन मागावे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या उपचारातला कोणता भाग बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावे. नंतर विचारून उपयोग नसतो.

रुग्णाच्या घरच्यांनी एवढे करावे : प्रत्येक हल्ल्याची तारीख, एमआरआयचा अहवाल, प्रतिपिंडांच्या चाचणीचा कागद आणि चालू औषधांची यादी यांची छायाचित्रे घरातल्या किमान दोन मोबाइलमध्ये ठेवावीत, आणि बाळंतपणाला जाताना मूळ फाइलही बरोबर द्यावी. डॉक्टरांकडून अपेक्षा इतकीच की दोन दिवसांहून अधिक टिकलेली उचकी, बुबुळ फिरवताना दुखून अंधुक झालेला डोळा आणि वर चढत जाणारा बधिरपणा यांपैकी काहीही दिसले, तर उरलेल्या दोहोंविषयी विचारावे. राजर्षी शाहू महाराजांचे नाव धारण करणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने, शहरातील खासगी न्यूरॉलॉजिस्ट आणि मिरजेची रुग्णालये यांना सोबत घेऊन, मंगळूरच्या धर्तीवर या रुग्णांची जिल्हावार नोंद ठेवावी. शंभराच्या आसपास नावांच्या या कामाला नवी इमारत, नवे यंत्र किंवा वेगळे अनुदान लागणार नाही.